वाटांचा गणिती : दामोदर कोसंबी आणि मावळ

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी तळेगाव, वडगाव, कामशेत मागे टाकून मळवलीजवळ येते, तेव्हा उजव्या हाताला कार्ल्याचा डोंगर असतो आणि डाव्या हाताला भाजे, विसापूर, लोहगड. बेडसे जरा अलीकडे, कामशेतच्या दक्षिणेला, पवनेच्या अंगाला. मळवलीच्या पुढे लोणावळा, खंडाळा आणि मग बोरघाटाचा उतार. १८६३ साली लोहमार्ग या घाटातून वर चढला. २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही याच फटीतून खाली उतरतो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याकडून माल घेऊन येणारे बैल हाच चढ चढत असत.

१९३० साली सुरू झालेल्या डेक्कन क्वीनने या मार्गावरून वर्षानुवर्षे ये-जा करणारा एक गणिती होता. घर पुण्याच्या भांडारकर रस्त्यावर, नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचकाला हे नाव इतिहासकार म्हणून ठाऊक असते. थोडेफार मार्क्सवादी विचारवंत म्हणून. धर्मानंदांचे चिरंजीव म्हणूनही आपण त्यांना ओळखतो. गणिती ही त्यांची ओळख बहुधा एका वाक्यात उरकली जाते. माझा मूळ विषय गणित असल्यामुळे ते वाक्य मला नेहमी अपुरे वाटत आले. कोसंबींनी मावळात जे पाहिले, ते त्यांच्या गणिती नजरेशिवाय दिसलेच नसते, आणि त्यांचे जिथे चुकले तिथेही तीच नजर कारणीभूत होती, असे माझे मत आहे. ते मांडायचे तर आधी गणिताकडे जावे लागेल.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात कोसबेन येथे. वडील धर्मानंद पाली आणि बौद्ध वाङ्मयाच्या ध्यासाने १८९९ साली घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा प्रवास करून पंडित झाले आणि हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला गेले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर बरोबर होता. शाळा तिकडेच झाली आणि पुढे १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळाली. तिथे जॉर्ज बर्कहॉफ आणि नॉर्बर्ट वीनर यांच्यासारख्या गणित्यांचा सहवास लाभला. परत आल्यावर बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९४५ साली होमी भाभांनी टाटा संस्था काढली आणि तिच्या सुरुवातीच्या काळातच कोसंबी तिथे प्राध्यापक झाले.

अलीगढची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथे गणित विभागाचा प्रमुख होता आंद्रे वेय नावाचा पंचविशीतला फ्रेंच तरुण, जो पुढे विसाव्या शतकातल्या थोर गणित्यांमध्ये गणला गेला. एका त्रासदायक सहकाऱ्याची जिरवावी म्हणून वेयने कोसंबींना सुचवले की, बूर्बाकी नावाच्या एका काल्पनिक रशियन गणित्याच्या नावाने निबंध लिही. १९३१ मध्ये कोसंबींनी तो अलाहाबादच्या एका विज्ञान-पत्रिकेत खरोखरच छापून आणला. पुढे चार वर्षांत वेय आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी मिळून आधुनिक गणिताची नव्याने मांडणी करणारी ग्रंथमाला सुरू केली, ती बूर्बाकी याच टोपणनावाने. गणिताच्या निबंधात हे नाव पहिल्यांदा उमटले ते कोसंबींच्या हातून.

आता त्यांचे खरे काम. १९३३ साली जर्मनीतल्या ‘मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट’ या नामांकित नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. त्याच्याच पाठोपाठ, त्याच खंडात, एली कार्तां या ज्येष्ठ फ्रेंच भूमितिज्ञाचे त्यावरचे टिपण छापले गेले. सहा वर्षांनी चीनच्या चर्न यांनी त्यात भर घातली. या सिद्धांताला आज कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत म्हणतात. त्याचा गाभा सोप्या शब्दांत असा : नेहमीच्या भूमितीत आधी अंतर ठरते, मोजपट्टी ठरते, आणि मग दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट कोणती ते निघते. कोसंबींनी प्रश्न उलटा केला. समजा मोजपट्टी ठाऊकच नाही. ठाऊक आहेत त्या फक्त वाटा, म्हणजे गतीच्या समीकरणांनी ठरवून दिलेले मार्ग. तर त्या वाटांवरून त्या अवकाशाची भूमिती काढता येईल का? शेजारशेजारच्या दोन वाटा पुढे एकमेकींजवळ येतात की दूर जातात, एवढ्यावरून अवकाशाची वक्रता ओळखता येईल का? उत्तर असे की, येते, आणि त्यासाठी पाच राशी पुरतात. संदर्भचौकट कशीही बदलली तरी त्यांचा अर्थ बदलत नाही. आज जीवशास्त्रातल्या वाढीच्या समीकरणांपासून ते अनेक गतिशील प्रणालींची स्थिरता तपासण्यासाठी हे तंत्र वापरतात.

१९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. त्यानंतर त्यांचे मन संख्याशास्त्राकडे वळले, आणि इथे दोन निबंध असे आहेत की, ज्यांच्यामुळे त्यांचे नाव आजही प्रयोगशाळांमध्ये रोज घेतले जाते.

पहिला १९४३ चा, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पत्रिकेतला. यदृच्छेने वरखाली होणारा आलेख घ्यावा, उदाहरणार्थ वर्षभराच्या पावसाचा. असे शेकडो आलेख असतील तर त्यांच्यातली विविधता मोजक्या मूळ आकारांच्या बेरजेत कशी बसवावी, म्हणजे पहिल्या दोन-चार आकारांतच बहुतेक सगळी माहिती येईल? कोसंबींनी ती रीत मांडली. चार-पाच वर्षांनी फिनलंडच्या कारहुनेन यांनी आणि फ्रान्सच्या लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तेच केले, आणि जगाने ती रीत त्या दोघांच्या नावे लावली. छायाचित्र कमी जागेत साठवणे, चेहरे ओळखणे, हवामानाच्या नोंदींतून मुख्य आकृतिबंध काढणे यांत ती आज वापरली जाते. कोसंबींचे नाव त्या जोडीला लावावे, असे अलीकडे काही अभ्यासक म्हणू लागले आहेत. लढाईच्या काळात भारतीय पत्रिकेत छापलेला निबंध युरोपात कोण वाचणार होता?

दुसरा निबंध आनुवंशिकीचा, लंडनच्या ‘आनल्स ऑफ युजेनिक्स’मधला, फक्त चार पानांचा. एकाच गुणसूत्रावर दोन जनुके असतील आणि ती एकमेकांपासून लांब असतील, तर पुढच्या पिढीत त्यांची फारकत होण्याची शक्यता जास्त. म्हणून किती संततींमध्ये ती वेगळी झाली, त्याच्या शेकडेवारीवरून त्यांच्यातले अंतर काढता येते. पण लांबच्या जनुकांमध्ये अदलाबदल दोनदा होऊन ती पुन्हा एकत्र आलेली दिसतात आणि हिशोब कमी भरतो. १९१९ साली हॉल्डेन यांनी यासाठी सूत्र दिले होते, पण त्यांनी धरले होते की, एका ठिकाणची अदलाबदल दुसऱ्या ठिकाणच्या अदलाबदलीवर काही परिणाम करत नाही. प्रत्यक्षात ती करते. एक झाली की लगतच्या भागात दुसरी होणे अवघड होते. कोसंबींच्या सूत्राने ही अडवणूक हिशोबात घेतली : जवळच्या अंतरात ती पूर्ण, अंतर वाढेल तशी क्षीण. फरक किती पडतो पाहा. शंभरातल्या वीस संततींमध्ये फारकत दिसली तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर साधारण २५.५ एकक येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. तीस संततींमध्ये दिसली तर हॉल्डेन ४५.८ आणि कोसंबी ३४.७. भात, गहू, ज्वारी यांचे जनुकीय नकाशे तयार करणाऱ्यांच्या संगणकात ‘कोसंबी’ हा आजही नेहमीच्या वापराचा पर्याय आहे. मावळचा इंद्रायणी तांदूळ १९८७ साली वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून बाहेर पडला. त्या वाणाचा या सूत्राशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण भाताच्या वंशावळी तपासणाऱ्या कुणाही शास्त्रज्ञाला कोसंबी हे नाव इतिहासाच्या पुस्तकाआधी या सूत्रातून भेटते, हे खरे.

संख्याशास्त्राचा अभ्यास करताना त्यांना सरावासाठी काही प्रत्यक्ष सामग्री हवी होती, आणि त्यांनी उचलली ती प्राचीन चांदीची आहत नाणी. हे प्रकरण मला कोसंबींच्या साऱ्या कामांत सर्वांत देखणे वाटते.

आहत नाण्यावर राजाचे नाव नसते. चांदीच्या तुकड्यावर एका बाजूला पाच ठसे, मागच्या बाजूला काहींवर बारीकसारीक खुणा. कुठे एक, कुठे सहा, कुठे त्याहून जास्त. मूळ वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. आता कुठल्या ठशांचे नाणे आधीचे आणि कुठले नंतरचे, हे ठरवायचे कसे? तोवरचे नाणकशास्त्रज्ञ ठशांचे अर्थ लावत बसले होते : हा सूर्य, हा मोर, ही टेकडी. कोसंबींनी तराजू काढला. त्यांचे म्हणणे साधे होते. नाणे चलनात फिरते तसे झिजते. शंभर नाणी दहा वर्षे फिरली तर त्यांचे सरासरी वजन घटते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांची वजने एकमेकांपासून पांगतात, कारण एखादे नाणे हातोहात फिरते तर एखादे मडक्यात पडून राहते. म्हणजे सरासरी खाली यावी आणि विस्तार वाढावा, असा दुहेरी नियम. आपल्या काळातली चलनातली नाणी तोलून त्यांनी आधी हा नियम तपासून घेतला. मग तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतली नाणी एकेक करून तोलली. दिसले असे की, मागच्या बाजूला जितक्या खुणा जास्त, तितके सरासरी वजन कमी. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, पुढचे ठसे राजसत्तेचे आणि मागच्या खुणा व्यापाऱ्यांच्या, ठरावीक काळाने नाणे तपासून मारलेल्या. मागची प्रत्येक खूण म्हणजे जणू काळाचे एकेक पाऊल. अशा रीतीने एकही अक्षर नसलेल्या नाण्यांचा कालक्रम लागला, आणि त्याबरोबर राजा आणि व्यापारी यांच्यातल्या व्यवहाराचीही चाहूल लागली.

नाण्यांनंतर प्रश्न आला, ही नाणी पाडणारे राजे कोण? मग पुराणे, मग संस्कृत. भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखिते ताडून १९४८ मध्ये त्यांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९५७ मध्ये वा. वि. गोखले यांच्याबरोबर विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोश’ाचे संपादन हार्वर्डच्या मालेत आले. दरम्यान १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा पहिला ग्रंथ निघाला. पण ग्रंथालयात बसून हे पुरे होत नाही, असे त्यांना वाटू लागले होते. हातात काठी घेऊन ते बाहेर पडले, आणि पुण्याच्या पश्चिमेला, मावळाच्या वाटांवर आले.

मावळाचा भूगोल या प्रश्नासाठी फार सोयीचा आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर पुण्यात जेमतेम सातशेच्या आसपास. एवढ्या थोड्या अंतरात जंगल, भात, माळ आणि बाजरी असे सगळे पट्टे ओलांडले जातात. मेंढ्यांना चिखल आणि दमट हवा सोसत नाही. म्हणून धनगर पावसाळ्यात कोरड्या पूर्वेकडे असतात आणि पाऊस सरल्यावर पश्चिमेकडे वळतात. कोसंबींना डोंगरउतारांवर आणि खिंडींच्या आसपास गारगोटीची बारीक हत्यारे सापडू लागली, सूक्ष्मास्त्रे म्हणतात ती. बहुतेक बोटाच्या पेरापेक्षा लहान. नदीकाठच्या काळ्या जमिनीत ती फारशी नव्हती. त्याचे कारण त्यांनी असे दिले की, लोखंडी कुऱ्हाड आणि नांगर येण्यापूर्वी खोऱ्यांतले दाट रान माणसाला साफ करता येत नव्हते; माणूस वरच्या टप्प्यांवरून, तुरळक झाडीतून फिरे. ज्या पट्ट्यांवर हत्यारे सापडत, त्याच पट्ट्यांवर धनगरांच्या आजच्या वाटा होत्या. त्याच वाटांवर, विशेषतः जिथे दोन वाटा मिळतात तिथे, शेंदूर लावलेले तांदळे, माउल्या, म्हातोबा, बोल्हाई अशी दैवते बसलेली होती.

वाकड-हिंजवडीच्या म्हातोबाची यात्रा, त्याचे बगाड, कोथरूडचे ठाणे यांवर त्यांनी पानेच्या पाने लिहिली. आज त्या हिंजवडीत संगणक-उद्योगाच्या इमारती आहेत. बगाड अजूनही निघते. देहूजवळचा भंडारा डोंगर, जिथे तुकोबा एकांतासाठी जात, तोही त्यांनी असाच पाहिला : वर लेणी, आणि त्याहून जुनी सूक्ष्मास्त्रे. संत ज्या जागी गेला ती जागा त्याच्या आधी हजारो वर्षे माणसांनी निवडलेली होती, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. एखाद्या वारकऱ्याला हे वाचून राग यावा. मला त्यात तुकोबांचा अनादर दिसत नाही.

मी १९३३ च्या निबंधाकडे पुन्हा येतो. आधी वाटा, मग त्यांवरून अवकाशाची ठेवण : हीच रीत त्यांनी मावळात वापरली. गावे, राज्ये, राजधान्या यांच्यापासून आरंभ करून रस्ते शोधण्याऐवजी त्यांनी आधी पायवाटा घेतल्या आणि त्यांवरून वस्ती, व्यापार, देवस्थाने आणि विहार यांची मांडणी काढली. हे साम्य माझे, कोसंबींचे नव्हे.

आणि मग कार्ले. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असे हे चैत्यगृह, आत ३७ खांब. नुसते पाहणारा माणूस हत्ती-घोड्यांवर बसलेल्या जोड्या पाहून परततो. कोसंबी खांबांवरची अक्षरे वाचत. वडिलांचे पाली घरात मुरलेले असल्याने ते त्यांना जड नव्हते. हे लेणे कुणा एका राजाने कोरवलेले नाही, ते वर्गणीने उभे राहिले, हे त्या अक्षरांवरून कळते. वैजयंतीहून आलेला श्रेष्ठी भूतपाल आपला भाग पुरा केल्याचे अभिमानाने नोंदवतो. दाराचे काम करणारा सुतार सामी आपले नाव घालतो. सिंहदत्त हा अत्तराचा व्यापारी; सोपाऱ्याचा एक भिक्षू; आणि एकामागून एक यवन, म्हणजे ग्रीक किंवा त्या मुलखातून आलेले लोक. नहपानाचा जावई उषवदात इथल्या भिक्षूंना करजिक नावाचे गाव देतो, पुढे सातवाहन राजा तेच दान पक्के करतो. त्यासंबंधीची आज्ञा ‘मामाड’च्या अमात्याला उद्देशून आहे. हा मामाड म्हणजेच आपला मावळ, असे अभ्यासक धरतात. दोन हजार वर्षे जुने नाव आजच्या तालुक्याच्या पाटीवर आहे.

भिक्षूंनी गावाबाहेर, एकांतात राहावे असा दंडक. मग एवढी मोठी लेणी घाटमाथ्यावरच, व्यापारी मार्गाला लागून का? भाजे, बेडसे, कार्ले बोरघाटाच्या तोंडाशी. जुन्नरचा प्रचंड समूह नाणेघाटाच्या तोंडाशी. कोसंबींचे उत्तर होते : विहार हे मार्गावरचे मुक्काम होते, धान्याचे कोठार आणि भांडवलाचा आधार होते, कापडाचे आणि भांड्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. आणि भिक्षू तिथे येण्याआधीही ती ठिकाणे रिकामी नव्हती. वाटा जिथे मिळत तिथे रानटी टोळ्यांच्या जत्रा भरत, देवतांपुढे बळी दिले जात. अहिंसेचा उपदेश करायचा तर तो तिथेच करायला हवा होता. लेणी ओस पडल्यावर देवता परत आल्या. कार्ल्याच्या चैत्याच्या दारातच एकवीरा आहे आणि मुंबई-ठाण्याचे कोळी चैत्रात पालख्या घेऊन तिला भेटायला येतात. बेडशाच्या विहारात यमाई आहे.

इथे मात्र मी थबकतो. आज यमाई आहे, आणि अडीच हजार वर्षांपूर्वीही तिथे एखादी माउली असावी. या दोन टोकांच्या मधली शतके पुराव्याशिवाय आहेत. देवता परत आल्या की नव्यानेच आल्या? कोसंबी म्हणतात परत आल्या, आणि ते इतक्या ठामपणे म्हणतात की, वाचताना मधली दरी दिसतच नाही. सूक्ष्मास्त्रांची गोष्ट वेगळी. ती दगड म्हणून हातात घेता येतात, मोजता येतात, नकाशावर मांडता येतात. पण श्रद्धेचे सातत्य असे मोजता येत नाही. हा ठामपणा हा त्यांचा स्वभाव होता, आणि गणितात तो त्यांना भोवला.

१८५९ मध्ये रीमान या जर्मन गणित्याने मूळ संख्यांविषयी एक अनुमान मांडले. मूळ संख्या म्हणजे २, ३, ५, ७, ११ अशा, ज्यांना स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कशानेही भाग जात नाही. शंभरपर्यंत त्या २५ आहेत, हजारपर्यंत १६८, दहा लाखांपर्यंत ७८,४९८. त्या किती असाव्यात याचे एक अंदाजी सूत्र आहे. दहा लाखांसाठी ते सुमारे १३० ने जास्त सांगते. रीमानच्या अनुमानाचा एक अर्थ असा की, संख्या कितीही मोठी घेतली तरी ही चूक तिच्या वर्गमुळाच्या मानाने फार मोठी होत नाही. हे सिद्ध करणे म्हणजे गणितातले शिखर. आजपर्यंत ते कुणालाही गाठता आलेले नाही.

बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कोसंबींनी भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत एक निबंध छापला. मूळ संख्यांचे वाटप यदृच्छेच्या नियमांनी तपासून त्यातून रीमानचे अनुमान निघते, असा त्यांचा दावा होता. पत्रिका शेतीतल्या संख्याशास्त्राची. संख्यासिद्धांताचा तज्ज्ञ तो निबंध छापण्यापूर्वी पाहील अशी ती जागा नव्हतीच. सिद्धता टिकली नाही. अडचण नेमकी कुठे होती, हे सर्वसाधारण वाचकालाही कळण्याजोगे आहे. यदृच्छेने निवडलेल्या संख्या मूळ संख्यांसारख्या वागतात आणि अशा संख्यांबाबत अनुमान ‘जवळजवळ निश्चितपणे’ खरे ठरते, एवढे दाखवता येते. पण मूळ संख्या काही यदृच्छेने निवडलेल्या नाहीत. २, ३, ५, ७ हा क्रम एकच आहे, तो ठरलेला आहे, आणि नेमका तोच क्रम त्या ‘जवळजवळ’च्या बाहेर पडत नाही कशावरून? नाण्यांच्या ढिगाला लागू पडणारे तर्कशास्त्र या एकुलत्या एक यादीला लागू पडत नाही. नाण्यांनी दिलेला आत्मविश्वास त्यांना इथवर घेऊन आला, असे मला वाटते.

टाटा संस्थेत तोवर शुद्ध गणिताचा एक कडक, जागतिक दर्जाचा विभाग उभा राहिला होता. त्या मंडळींना हा निबंध लाजिरवाणा वाटला. शिवाय कोसंबींचा बराच वेळ इतिहासात, जागतिक शांतता चळवळीत आणि अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा गरीब देशाला परवडेल असे सांगण्यात जात होता. आणि संस्था तर अणुकार्यक्रमाच्या शिल्पकाराची. १९६२ मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही. कारण गणित की मतभेद, यावर आजही दोन तट आहेत. मला दोन्ही खरी वाटतात, आणि नुसते पहिले कारणही पुरेसे झाले असते. त्याच वर्षी मावळाच्या वाटांवरचे त्यांचे निबंध असलेला ‘मिथ अँड रिॲलिटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी गणित्यांनी दार लावले, त्याच वर्षी त्यांचे सर्वांत जिवंत पुस्तक आले. ते मूळ संख्यांवर पुढेही लिहीत राहिले, त्यातले काही एस. ड्युक्रे या टोपणनावाने. बूर्बाकीच्या खोडीपासून तीस वर्षांनी पुन्हा एक खोटे नाव. यावेळी त्यात विनोदापेक्षा कडवटपणाच अधिक असावा.

१९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून वृत्ती दिली. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा सुटसुटीत ग्रंथ आला, जो आजही सर्वांत जास्त वाचला जातो. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. कन्या मीरा कोसंबी यांनी नंतर त्यांच्या लेखनाचे संपादन केले. २०१६ साली राम रामस्वामी यांच्या संपादनाखाली त्यांचे निवडक गणिती निबंध एकत्र छापले गेले, तेव्हा कुठे दोन्ही कोसंबी एका माणसाच्या नावाखाली पुन्हा वाचता येऊ लागले.

मावळातला त्यांचा एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे. कार्ल्याच्या खांबांवर यवनांची आणि इतर अनेक दात्यांची नावे येतात, त्यांच्या गावाचे नाव धेनुकाकट. काहींनी ते थेट आंध्रातल्या धरणीकोटपर्यंत नेले. कोसंबींनी नेहमीप्रमाणे वाटांचा विचार केला. इतक्या मोठ्या संख्येने माणसे ज्या गावाहून दान देतात, सुतारही तिथलाच आणि अत्तरवालाही तिथलाच, ते गाव शेकडो मैलांवर असणार नाही. ते कार्ल्याच्या पंचक्रोशीतच शोधले पाहिजे, असे त्यांनी १९५० च्या दशकात एका स्वतंत्र निबंधात मांडले. तळेगाव आणि देहूरोड यांच्या दरम्यान महामार्गाच्या कडेला घोरावडेश्वराचा डोंगर आहे, तिथे शेलारवाडीची लेणी. चैत्यात आता शिवलिंग आहे आणि श्रावणात गर्दी असते. तिथल्या एका लेखातही धेनुकाकट येते : तिथल्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबप्रमुखाची बायको हे दान देते. श्रेष्ठी नाही, यवन नाही, एका शेतकऱ्याच्या घरची बाई. नांगर, घाट आणि पैसा हे तिन्ही ज्याच्या हाताशी होते, असे हे गाव मावळात कुठेतरी भाताच्या खाचरांखाली असेल, तर त्याचे एकही खापर अजून कुणाला खात्रीने दाखवता आलेले नाही.